दगड आला, मामंजी

पाणी खोल गेले की दोरवाल्याचे दिवस येतात. विहीर भरलेली असते तेव्हा लोक तुटक्या दोराला गाठीवर गाठ मारून वर्ष ढकलतात. पाणी तळाला गेले की जुना दोर पुरत नाही, पोहरा अधांतरी लोंबकळतो आणि मग ज्याच्या त्याच्या तोंडी दोरवाल्याचे नाव. त्या उन्हाळ्यात असेच झाले होते. आदल्या वर्षीचा पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता, पिके उभ्या उभ्या वाळली होती आणि दोरवाल्याच्या दारात मात्र गिऱ्हाइकांची रीघ लागली होती.

"तुमची चैन आहे बुवा, उलटेमामा," दोर खांद्यावर टाकता टाकता कुणीतरी टोमणा मारायचेच. "आमचं पाणी खाली चाललंय आणि तुमचं चाक काही थांबत नाही."

उलटेमामा हसत नसत, रागावतही नसत. "दोर भिजवून मग वापर," एवढेच म्हणत. आत ताग विंचरत बसलेल्या त्यांच्या सुनेला मात्र ते बोलणे लागायचे. लोकांच्या अडचणीवर आपली चूल पेटते आहे हे तिला बरे वाटत नसे, आणि चूल तर पेटवावीच लागे.

उलटेमामा हे नाव गावाने ठेवलेले. हा माणूस जन्मभर उलटा चालत आला होता. मठाच्या मागच्या आवारात चिंचांची दुहेरी रांग होती आणि त्या रांगेमधल्या सावलीत त्यांची दोर वळायची वाट होती. वाटेच्या एका टोकाला खांबाला बसवलेले लाकडी चाक. चाकाची मूठ सुनेच्या हातात. मामा विंचरलेला ताग कमरेभोवती गुंडाळून घेत, त्याचे टोक चाकाच्या आकड्यात अडकवत आणि बोटांतून ताग सोडत सोडत मागे मागे जात. चाक फिरे, पीळ चढे, मामा लांब लांब जात. नजर सगळी बोटांवर. मान वळवून मागे बघायची सोय नाही; एकदा वळली की बोट ढिले पडते आणि सुतात गाठोळी येते. म्हणून मामांच्या पाठीमागे काय आहे ते सून बघायची आणि ओरडून सांगायची.

"डावीकडे मूळ आहे, मामंजी."

"वासरू आडवं आलंय, जरा थांबा."

आणि वाटेच्या शेवटी, दर खेपेला, "दगड आला, मामंजी."

एरवी घरात मामांचाच शब्द चाले. शिजवायचे काय, दार कधी लावायचे, कोणाकडे जायचे नि कोणाकडे नाही, सगळे तेच ठरवत आणि सून मान डोलावत असे. चिंचांच्या सावलीत मात्र ती सांगेल तिकडे त्यांचा पाय पडे. गंमत म्हणजे ही गोष्ट दोघांनी कधी बोलून दाखवली नाही. बोलण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेही नसेल.

आज ती सून स्वतःच म्हातारी झाली आहे. रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे दोर दुकानात गुंडाळ्यांनी मिळतात, चाक माळ्यावर पडून आहे आणि त्याच्या आकड्यांवर लसणाच्या जुड्या टांगलेल्या असतात. पण दुपारी डोळा लागता लागता तिला चाकाची करकर ऐकू येते, ओल्या तागाचा तो कुबट, गोडसर वास येतो, आणि त्या वासापाठोपाठ थोरले बाबा येतात. मग कसली झोप नि कसले काय.

वाटेच्या टोकाचा तो दगड बाबांचा होता. बाबा म्हणजे मठातले थोरले गुरू. वाळकुडे शरीर, गुडघे गेलेले, डोक्याला नेहमी एक विटका पंचा. सकाळी त्या दगडावर सूप घेऊन बसत आणि मठाच्या कोठीतले धान्य निवडत. लांबून लांबून माणसे त्यांचे ऐकायला येत, आणि खरे सांगायचे तर बाबांचे प्रवचन अगदीच बेताचे असे. मध्येच धागा सुटायचा, मग हात झटकून म्हणायचे, "जाऊ दे, तुम्हाला माहीतच आहे." लोक हसत. पण घरी जाताना ज्याला त्याला वाटे की खरेच, आपल्याला माहीत होते.

मामांची पाठ हळूहळू दगडाजवळ आली की बाबा सुपातून मान वर न करता विचारत, "आलास का रे?"

"आलो, बाबा," मामा सुतावरची नजर न काढता म्हणत.

एवढेच त्यांचे बोलणे. मामांची सगळी भक्ती त्या दोन शब्दांत मावत असे. बाबा त्या उन्हाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेले. दगड तिथेच होता. मामांची पाठ तिथवर आली की ते अजूनही क्षणभर थांबत, आणि चाकाजवळून सुनेला ते थांबणे दिसत असे.

मठाचा शिष्य व्हायचे तर गुरूकडून मनगटाला दोरा बांधून घ्यायचा, अशी पद्धत होती. ते दोरे मामांच्याच घरी वळले जात; त्यांच्या आजोबांपासून ते काम घराकडे होते. दोरा बारीक, दोन पदरांचा, मऊ पिळाचा. आणि बाबा तो बांधत सुरगाठीने. एक टोक ओढले की गाठ खळकन सुटे. बांधताना प्रत्येकाला ते टोक दाखवत आणि म्हणत, "हे बघ, हे इथे आहे. जायचं झालं तर दात लावावे लागू नयेत." मग स्वतःच खुदकन हसत. गावातल्या बहुतेक हातांवर असा दोरा होता. वर्षानुवर्षे कुणी ते टोक ओढले नव्हते.

सुनेच्या हातावर मात्र दोरा नव्हता. नवी नवरी म्हणून आली तेव्हा मामांनी तिला पहिल्याच आठवड्यात मठात नेले. बाबांनी टोपलीतून दोरा उचलला आणि बांधण्याआधी विचारले, "तुला हवाय का?"

कोणत्या नव्या नवरीला असे कुणी विचारते? ती गोंधळली आणि जे मनात होते तेच बोलून बसली. "मला अजून माहीत नाही."

मामांचा चेहरा उतरला. बाबांनी मात्र दोरा परत टोपलीत ठेवला. "मग हा इथे राहील. कळलं की ये." आणि लगेच सूप तिच्यापुढे सरकवले. "तोवर एवढे खडे काढ. माझी नजर गेली."

पुढे इतकी वर्षे ती बाबांशेजारी बसून खडे काढत आली. चाकाचे काम संपले की दगडापाशी जायची. बाबा कधी बोलत, कधी नाही. तिने विचारलेल्या प्रश्नांना उलटेच प्रश्न विचारत. दोऱ्याचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. मामांनीही काढले नाही, पण घरातला तो एक रिकामा हात त्यांना सलत होता. वाढताना तिचे मनगट समोर आले की ते ताटाकडे बघत.

आणि एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा. त्या हिवाळ्यात बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तिने स्वतःच्या हाताने एक दोरा वळला होता. एके दुपारी तो पदराच्या टोकात बांधून ती मठात गेली. बाबा शांत झोपले होते, तोंड थोडे उघडे, पंचा कपाळावर सरकलेला. उठवावे असे तिला वाटेना. पंचा नीट केला आणि उद्या येऊ म्हणून परत आली. त्या उद्याला सकाळीच मठाची घंटा वाजायला लागली, ती थांबेचना. तो दोरा अजून तिच्या पेटीत आहे, गाठ न मारलेला.

बाबांच्या जागी त्यांचा भाचा बसला. नवे महाराज. माणूस वाईट नव्हता, हे ती आजही सांगते. शिकलेला, नीटनेटका, बोलणे तर असे की ऐकत राहावे. आल्या आल्या त्यांनी मठाचे गळके छप्पर शाकारून घेतले, आणि विहिरी आटल्या तेव्हा मठाच्या टाक्याला नळ बसवून तो गावाला मोकळा केला. लोक त्यांना दुवा देत होते. पण बाबांच्या माघारी माणसे पांगतील ही धास्ती त्यांच्या मनात बसली होती. गर्दी थोडी कमी दिसली की त्यांचा चेहरा पडे.

एका सकाळी मामा अर्ध्या वाटेवर पोहोचले असताना मठाचे कारभारी आले आणि सरळ वाटेच्या मधोमध उभे राहिले.

"थांबा, मामंजी. मागे कारभारी आहेत."

मामा थांबले. चाक थांबले. अर्धवट पीळ चढलेले सूत ढिले पडले आणि जागच्या जागी वेटोळे घालायला लागले. तेवढे सूत वाया गेले. कारभाऱ्यांना ते कळले नाही, किंवा कळून त्यांनी दुर्लक्ष केले.

"येत्या रविवारी सगळ्या घरांनी मठात यायचंय," ते म्हणाले. "जुने दोरे उतरवायचे, महाराज नवे बांधणार. दोरे तुम्हीच वळा. पण या वेळी तीन पदरी, कडक पिळाचे. महाराज निरगाठ मारणार आहेत, ओढून सुटणार नाही अशी."

"निरगाठ?" मामांनी विचारले. "बाबा सुरगाठ मारायचे."

"बाबा गेले, मामा," कारभारी हळू आवाजात म्हणाले. मग त्यांची नजर चाकाकडे, मुठीवरच्या सुनेच्या हाताकडे गेली. "आणि सगळं घर यायला हवं. एकही हात रिकामा नको. मठाच्या आवारात यापुढे फक्त मठाची माणसं, असं ठरलंय. मी नाही ठरवलं. मी आपला निरोप्या."

मामांनी वर चिंचांकडे पाहिले. ती सावली गेली तर काय, हे त्यांना वेगळे सांगायला नको होते. उन्हात ताग वाळतो, चरचरतो, बोटांतच तुटतो. शिवाय इतकी लांब, सरळ, सावलीची वाट गावात दुसरी नव्हती. त्यांच्या बापाच्या आणि आजाच्या टाचांनी ती जमीन मधोमध खोलगट झाली होती.

"येऊ," मामा म्हणाले. "सगळे येऊ."

त्या संध्याकाळी जेवणे झाल्यावर मामा हात धुवायला परसात गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "रविवारी तू हात पुढे करायचास."

"बाबांना मी हो म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज तिच्याही नकळत चढला. "मग यांना कशी म्हणू?"

"बाबांनी तुझे लाड केले. मी काही बोललो नाही. पण घराची एक वाट असते आणि ती घरातला मोठा माणूस ठरवतो. पोटाचा प्रश्न आहे. यापुढे यावर बोलणं नको." त्यांनी तांब्या पालथा घातला आणि ते आत गेले.

नवरा सायकलीच्या चाकात हवा भरत बसला होता. बाजारात दोर विकून विकून त्याची जीभ चांगलीच मऊ झाली होती. भांडण त्याला सोसवत नसे. तो जवळ येऊन म्हणाला, "अगं, मनगटच तर द्यायचंय. मन कोण मागतंय?"

"मग त्यांना विचार ना, नुसत्या मनगटाचं काय लोणचं घालणार आहात?"

तो हसला. ती नाही हसली. "तुला आवडतात का रे ते?" तिने विचारले.

नवरा जरा ओशाळला. "खरं सांगू? आवडतात. बाबांचं मला कधी फारसं कळलंच नाही. हे कसं, सरळ सांगतात. काय करायचं, काय नाही. माझ्यासारख्याला बरं पडतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षे संसार केला आणि हे त्याने आज सांगितले. तिला त्याचा राग आला नाही. उलट वाटले, त्याला दोरा बांधताना बाबांनी विचारले तेव्हा हा बिचारा बापाच्या भीतीनेच हो म्हणाला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका खोल विहिरीचा दोर करायला घेतला. ऊन सकाळपासूनच तापले होते. ताग पुन्हा पुन्हा भिजवावा लागत होता. ती मूठ फिरवत होती आणि डोके दुसरीकडेच होते. पोटाचा प्रश्न. घराची वाट. तिने मामांकडे पाहिले. आपल्याला हुकूम सोडणारा हा माणूस, आपल्याच भरवशावर पाठीमागे पाठीमागे चालला आहे. पाय कसे बिनधास्त पडताहेत. तिचे डोळे भरून आले. डोळ्यांपुढे मामा अंधूक झाले, त्यांच्यामागे चिंचा अंधूक झाल्या. दगड दिसला. तो दगड दिसला की बाबांचे सूप दिसे. शब्द गळ्यापर्यंत आला होता.

तो बाहेर पडला नाही. तिने मुद्दाम केले का? आजही तिला विचारले तर ती पदर तोंडाला लावते.

मामांची टाच दगडाला थडकली आणि ते मागे कोसळले. कंबर दगडाच्या कडेवर आपटली, कोपर सोलवटले. ती चाक सोडून धावली. म्हातारा आभाळाकडे तोंड करून पडला होता आणि सुताचे टोक अजून त्याच्या चिमटीत होते.

"तुटलं नाही," सुताकडे बघून मामा म्हणाले.

"मामंजी, मी... मला सांगायला..." ती तिथेच मातीत बसून रडायला लागली.

मामांनी उठायचा प्रयत्न केला, ओठ दाबले आणि पुन्हा पडून राहिले. मग म्हणाले, "रडू नको. चूक माझी आहे. तुझा आवाज आला नाही, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. धंद्यातली पहिली गोष्ट आहे ती, माझ्या बापाने शिकवलेली. आवाज आला नाही की थांबायचं. मी चालत राहिलो. सवयीने."

आणि मग ते मान कलती करून त्या दगडाकडे बघत राहिले. तिला वाटले, फार दुखत असेल.

त्यानंतरचे दिवस मामांना जड गेले. पालथे पडून राहायचे, परसात जायला मुलाचा खांदा घ्यायचा. सून विटा तापवून, फडक्यात गुंडाळून कंबर शेकायची आणि ते उशीत तोंड खुपसून घ्यायचे. सुनेने अंग शेकावे याची त्यांना लाज वाटे. ती मुकाट्याने शेकत राही आणि मनातल्या मनात स्वतःला बोल लावी. कमरेवरचा तो काळानिळा डाग बघता बघता तिने ठरवून टाकले. करू हात पुढे. बाबांनी समजून घेतले असते. या माणसाची सावली आपल्या हट्टापायी जायला नको.

मठाचे दोरे राहिलेच होते. मामा भिंतीला टेकून बसले आणि पायाच्या अंगठ्यात सूत अडकवून त्यांनी ते वळले. तीन पदरी, कडक. एक वळून झाला की बोटांनी चाचपून बघत आणि बाजूला टाकत.

रविवारी मठाचे अंगण भरून गेले. छपराचे नवे गवत उन्हात पिवळेधमक दिसत होते. महाराज पाटावर बसले होते, एका बाजूला जुन्या दोऱ्यांसाठी टोपली, दुसऱ्या बाजूला नव्यांची. एकेक घर पुढे येत होते. महाराज जुने टोक ओढत, गाठ खळकन सुटे, दोरा टोपलीत पडे. मग नवा दोरा आणि निरगाठ. उरलेली टोके कारभारी कात्रीने कापत. उन्हाने लोकांच्या पाठी भिजल्या होत्या, तरी कुणी हलत नव्हते.

मामा मुलाचा खांदा धरून पुढे आले आणि कष्टाने खाली बसले. महाराज स्वतः उठून त्यांना हात द्यायला गेले, ते तिने पाहिले.

"मामा, तुम्ही म्हणजे बाबांच्या अगदी जवळचे," महाराज आपुलकीने म्हणाले आणि मामांच्या मनगटावरचा दोरा त्यांनी ओढला. तो सुटला. खालची कातडी दोऱ्याएवढ्या पट्ट्यात गोरी, कोवळी निघाली. मामा त्या पट्ट्याकडे असे पाहत राहिले की हा हात जणू त्यांचा नव्हेच.

"सगळं घर आलंय ना?" महाराजांनी विचारले आणि सुनेकडे पाहिले. "आधी हिला बांधू. हिचंच राहिलंय."

तिने हात पुढे केला. महाराजांनी टोपलीतून दोरा उचलला.

"थांब," मामा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मामांनी महाराजांकडे पाहिले नाही, लोकांकडे पाहिले नाही. सुनेकडे वळायचे तर कंबर वळत नव्हती, म्हणून आख्खेच्या आख्खे बूड सरकवून ते तिच्यासमोर झाले.

"तुला हवाय का?" त्यांनी विचारले.

इतक्या वर्षांनी तोच प्रश्न, आणि तो या माणसाच्या तोंडून. "नाही, मामंजी."

"मग हात खाली घे."

तिने हात खाली घेतला. अंगणात कुजबुज सुरू झाली. महाराजांच्या हातातला दोरा तसाच राहिला. ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. "मामा, घरात दोन विचार झाले की घर मोडतं."

"मोडायला काय झालं? संध्याकाळी एकाच चुलीवरचं जेवणार आहोत."

"बरं. निदान तुमचा हात द्या."

मामांनी आपल्या मनगटावरच्या गोऱ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "महाराज, मी आजवर एका आवाजामागे चाललो," ते थांबत थांबत म्हणाले. इतके बोलायची त्यांना सवय नव्हती. "तो आता येत नाही. तरी मी चालतच होतो. परवा पडलो. तेव्हा जरा थांबतो म्हणतो. तुमचा दोरा मला हवाय का, ते मला अजून माहीत नाही. कळलं की येईन."

"तुम्हीच असं म्हणालात तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"ते त्यांना विचारा," मामा म्हणाले. "एकेकाला विचारा."

कुणी खोकले, कुणी मान खाली घातली. मागून एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "मलाही विचारा हो. माझं उत्तर हो आहे, पण विचारा तरी!" त्यावर अंगणभर हशा झाला आणि महाराजांनाही नाइलाजाने हसू आले.

नवरा अजून बापाच्या मागे उभा होता. मामांनी मान वर करून विचारले, "आणि तुला रे?"

नवऱ्याने एकदा बायकोकडे पाहिले, एकदा बापाकडे. "मला हवाय, आबा," तो म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मग बस खाली. नीट बांधून घे."

महाराजांनी त्याला दोरा बांधला. निरगाठ मारता मारता त्यांची बोटे थबकली, तिने ते पाहिले. पण त्यांनी ती मारलीच. मामांनी निघताना जुन्या दोऱ्यांच्या टोपलीत डोकावून पाहिले. आपला दोरा त्यांना ओळखू येईना. सगळेच त्यांच्या हातचे, सगळे सारखे. त्यांनी टोपली तशीच सोडली आणि सुनेचा खांदा धरला. मुलाचा नाही.

आवार गेले. कारभाऱ्यांनी निरोप आणला तेव्हा त्यांना पाणी दिले, ते प्यायले आणि निघून गेले. मामांची कंबर बरी झाल्यावर एका सकाळी नवऱ्याने चाक उपसून सायकलीवर बांधले आणि तिघे जण कोरड्या नदीच्या पात्रात गेले. लांब, सरळ जागा म्हणायची तर गावात तेवढीच उरली होती. ना झाड ना सावली. पांढरी वाळू, मधूनमधून गोटे, आणि डोळे दिपवणारे ऊन. नवऱ्याने खांब पुरला, चाक बसवले. दोरा बांधलेल्या हाताने घाम पुसला आणि तो बाजाराला निघून गेला.

ताग दोनदा तुटला. तिसऱ्यांदा मामांनी कमरेच्या तागावर ओले पोते गुंडाळले, टोक आकड्यात अडकवले आणि पाठीमागे चालायला लागले. त्यांना ही जमीन माहीत नव्हती. टाच आधी चाचपायची, मग टेकायची. इतके सावध चालताना तिने त्यांना कधी पाहिले नव्हते.

"उजवीकडे गोटा आहे, मामंजी."

"आता वाळू भुसभुशीत आहे. सावकाश."

ते लांब लांब गेले. चिंचांखाली गेले असते त्याहूनही लांब. त्यांच्या पाठीमागे आता दगड नव्हता, सूप नव्हते, आलास का रे म्हणून विचारणारे कुणी नव्हते. नुसते पात्र, पार आभाळाला टेकलेले. ते बघून तिचा जीव एकदम भरून आला. बाबांची अशी आठवण झाली की तोंडातून शब्द फुटेना. तिने मूठ फिरवणे सोडले नाही, पण आवाज बंद झाला.

पलीकडे मामा जागच्या जागी थांबले. एक पाय अर्धवट उचललेला, तो त्यांनी हळूच खाली ठेवला. मान वळवली नाही. सूत ताणून धरले आणि पांढऱ्या उन्हात, पाठ मोकळ्या पात्राकडे करून, ते वाट बघत उभे राहिले. मनगटावरचा गोरा पट्टा तिला तेवढ्या लांबूनही दिसत होता.

तिने पदराने डोळे कोरडे केले आणि घसा साफ केला.

"या, मामंजी," तिने हाक दिली. "काही नाही मागे. मोकळंच आहे."

"अस्सं," मामा तिकडून म्हणाले, आणि पुढचे पाऊल त्यांनी मागे टाकले.